पगार थकला म्हणून दुसऱ्या क्लबशी सही केली, आता बंदी लागेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातल्या एका मामांनी भाच्यासाठी विचारलं आहे. भाचा वीस वर्षांचा, बचावफळीत खेळतो. गोव्यातल्या एका क्लबशी त्याचा तीन वर्षांचा व्यावसायिक करार आहे, महिना 25,000 रुपये. त्यातले चौदा महिने झाले आणि शेवटचे तीन पगार मिळालेले नाहीत. मॅनेजरला व्हॉट्सॲपवर विचारलं की ‘पुढच्या आठवड्यात होईल’ एवढंच उत्तर येतं. शेवटी कंटाळून त्याने राज्याबाहेरच्या एका क्लबच्या करारावर सही केली. आता जुन्या क्लबचं पत्र आलंय: करार मोडलास, चार महिन्यांची बंदी लागेल आणि 10 लाख रुपये भरावे लागतील. मामा विचारतात, ज्यांनी पगार दिला नाही त्यांनीच उलट आमच्याकडे पैसे मागावेत, हे कायद्यात बसतं का?

थेट उत्तर आधी देतो. तीन पगार थकल्यामुळे तुमच्या भाच्याला करार सोडण्याचा हक्क मिळू शकतो, पण त्यासाठी लागणारं पाऊल त्याने अजून उचललेलं नाही. लेखी नोटीस न देता त्याने दुसरीकडे सही केली. त्यामुळे आज कागद पाहणाऱ्याला दिसतं ते असं, की पहिला करार चालू आहे आणि खेळाडू निघून गेला. दहा लाखांचा आकडा टिकणार नाही, त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी बंदीची आहे, कारण वीस वर्षांच्या पोराचे चार महिने म्हणजे जवळजवळ एक हंगाम. ती टाळता येण्यासारखी आहे. पण पुढचे दोन-तीन आठवडे प्रत्येक गोष्ट ठरलेल्या क्रमाने झाली पाहिजे आणि मधल्या काळात भावनेच्या भरात कुणी काही लिहून देता कामा नये.

क्रमावर एवढा भर का देतो ते सांगतो. फिफाच्या खेळाडू दर्जा व हस्तांतरण नियमावलीत करार पाळणं हा पाया धरला आहे. करार मोडायचा तर ‘उचित कारण’ लागतं. पगार थकणं हे उचित कारण कधी ठरतं, हे 2018 पासून कलम 14 बिसमध्ये (म्हणजे कलम 14 ला जोडलेल्या पुरवणी कलमात) स्पष्ट लिहिलेलं आहे: किमान दोन महिन्यांचा पगार देय तारखेला मिळालेला नसावा, खेळाडूने क्लबला लेखी कळवून थकबाकी भरण्यासाठी किमान पंधरा दिवसांची मुदत दिलेली असावी, आणि ती मुदत उलटूनही पैसे आलेले नसावेत. या तिन्ही गोष्टी जमल्या की खेळाडू करार संपवू शकतो आणि दोष क्लबकडे जातो. मधली एक गळाली तर पगार न मिळालेला खेळाडूच करार मोडणारा ठरू शकतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची, म्हणजे एआयएफएफची, नियमावली याच साच्यावर बेतलेली आहे. तुमचा भाचा राज्याबाहेरच्या क्लबकडे निघाला आहे, त्यामुळे वाद पेटला तर तो महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीपुढे, म्हणजे खेळाडू आणि क्लब यांचे वाद ऐकणाऱ्या समितीपुढे जाणार.

‘देय तारीख’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. करारात पगाराची तारीख कोणती लिहिली आहे ते आधी बघा. पुष्कळ करारांत ‘पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत’ असं असतं. मग तुम्ही जे तीन महिने मोजता आहात त्यातला तिसरा कदाचित अजून देय झालेलाच नसेल. तुमच्या प्रकरणात दोन तरी नक्की झालेले दिसतात, तेवढे पुरेत. काही क्लब महिन्याला पगार न देता हंगामाचे चार हप्ते ठरवतात. तिथे दोन महिन्यांच्या बरोबरीची रक्कम थकली आहे का, ते पाहिलं जातं.

आता नोटीस. ती आजच्या आज तयार करा आणि एका पानात संपवा. कराराची तारीख, कोणकोणत्या महिन्यांचा पगार आला नाही, प्रत्येकाची रक्कम, एकूण रक्कम, भाच्याचा बँक खाते क्रमांक, आणि ‘हे पत्र मिळाल्यापासून अठरा दिवसांत पूर्ण रक्कम जमा न झाल्यास करार उचित कारणासह संपुष्टात आणण्याचा हक्क मी राखून ठेवतो’ हे वाक्य. शिवीगाळ नको, प्रशिक्षकाने बाकावर बसवलं त्याची तक्रार नको, दुसऱ्या क्लबचा उल्लेख तर अजिबात नको. करारात क्लबचा जो पत्ता आणि जो ई-मेल दिला आहे, त्या दोन्हींवर पाठवा. एक प्रत स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. ई-मेल खेळाडूच्या स्वतःच्या खात्यावरून जाऊ दे, मामाच्या नको. पंधरा दिवस हा किमान आकडा आहे, म्हणून मी सतरा-अठरा दिवस देतो. पोस्टाने पत्र नेमकं कधी पोचलं यावरून पुढे भांडण नको.

मॅनेजरला केलेले व्हॉट्सॲप मेसेज वाया गेले असं समजू नका. ‘पुढच्या आठवड्यात होईल’ हे उत्तर म्हणजे थकबाकीची कबुली आहे आणि ती कामाला येते. पण मेसेज हा नोटिशीला पर्याय नाही, कारण त्यात मुदत दिलेली नसते. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. उद्या प्रकरण न्यायालयात गेलं तर 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं.

पुराव्याची आणखी एक जागा आहे. खेळाडूंच्या घरी ती सहसा कुणाला ठाऊक नसते. आयकराच्या पोर्टलवर भाच्याच्या पॅनने लॉगिन करून फॉर्म 26 एएस उघडा. क्लबने त्याच्या नावावर कर कापला असेल तर कोणत्या तारखेला किती रक्कम दाखवली ते तिथे दिसतं. बँक पासबुकात पैसे नाहीत आणि इकडे मात्र रक्कम दिल्याचं दाखवून टीडीएस भरलेला आहे, असं आढळलं तर क्लबला ‘आम्ही एवढं देणं लागतच नव्हतो’ म्हणायला जागा राहत नाही. मी नव्या अशिलाकडून पासबुक मागतो तेव्हा त्याच्याबरोबर हा फॉर्मही मागतो.

नोटिशीची मुदत चालू असताना भाच्याने सरावाला जायचं. हे सांगितलं की पोरं चिडतात, आणि त्यांची चीड समजू शकतो. तीन महिने फुकट खेळवून घेतलं त्यांच्याच मैदानावर पुन्हा घाम गाळायचा. तरी जायचं. तो गेला नाही तर क्लब ‘गैरहजर राहून त्यानेच आधी करार मोडला’ म्हणणार, आणि थकलेल्या पगाराची स्वच्छ केस विनाकारण गढूळ होणार. मैदानावर येऊ दिलं नाही तर त्याच दिवशी ई-मेल करा: ‘आज सकाळी सात वाजता सरावासाठी आलो होतो, गेटवर परत पाठवण्यात आलं.’ दोन ओळी पुरेत, पण त्याच दिवशीच्या हव्यात. दुखापत असेल तर डॉक्टरचा कागद क्लबला पाठवून मगच घरी थांबा.

नोटिशीच्या मुदतीत तीन गोष्टी घडू शकतात. क्लब पूर्ण पैसे भरेल. मग करार जिवंत राहतो आणि थकबाकीच्या कारणावर सोडता येत नाही. क्लब काहीच भरणार नाही. मग मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी करार संपवल्याचं दुसरं पत्र पाठवा आणि त्यात पहिल्या नोटिशीचा हवाला द्या. तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, आणि क्लबचा सल्लागार हुशार असला तर तो हेच करतो: थोडे पैसे भरायचे. तीन थकलेल्या पगारांपैकी एक भरला तर दोन उरतात, तुमचा हक्क शाबूत आहे. दोन भरले तर एकच उरतो आणि कलम 14 बिसचा रस्ता तेवढ्यापुरता बंद होतो. तेव्हा घाईने पत्र धाडू नका. खात्यावर नेमकं काय जमा झालं ते पाहून मग ठरवा. पगार वारंवार उशिरा होत असेल तर त्या सगळ्या तारखांचा तक्ता करून ठेवा. कलम 14 मध्ये उचित कारणाची व्याख्या व्यापक आहे आणि असा तक्ता तिथे उपयोगी पडतो.

दुसऱ्या क्लबशी झालेली सही हा या प्रकरणातला खरा कच्चा दुवा आहे. एकाच काळासाठी दोन करार केले की ते करार मोडण्याच्या प्रकरणासारखंच हाताळावं, असं कलम 18 मध्ये लिहिलेलं आहे. तो कागद मला पाहावा लागेल. ‘खेळाडू आधीच्या करारातून कायदेशीररीत्या मुक्त झाल्यावरच हा करार लागू होईल’ अशा अर्थाचं कलम त्यात असेल तर मोठा दिलासा. नसेल तर नव्या क्लबशी बोलून तो कागद दोघांच्या सहीने रद्द करा आणि पहिला करार रीतसर संपल्यावर नवा करा. भल्या क्लबला हे पटतं, कारण धोका त्यांनाही आहे. मात्र तारीख मागे-पुढे करून नवा कागद बनवण्याच्या फंदात कुणी पाडत असेल तर साफ नाही म्हणा. तो खोटा दस्तऐवज होतो, शिवाय नोंदणीच्या संगणक प्रणालीत कोणता कागद कधी चढवला याची वेळ राहते. आणि पहिला करार संपवल्याचं पत्र पोचेपर्यंत नव्या क्लबची जर्सी घालून फोटो नको. समाजमाध्यमांवरचा असा एक फोटो समोरच्या वकिलाचं निम्मं काम करून देतो.

क्लबांना माहीत असूनही ते विसरतात अशी एक गोष्ट: करारात सहा महिन्यांहून अधिक काळ उरलेल्या खेळाडूशी थेट करार करता येत नाही. बोलणी सुरू करायच्या आधी त्याच्या क्लबला लेखी कळवावं लागतं. खेळाडूने स्वतः होऊन फोन केला तरी ही जबाबदारी क्लबची. म्हणून नव्या क्लबने असं पत्र दिलं होतं का, तेही विचारा.

आता बंदी. करार करताना खेळाडूचं वय 28 पेक्षा कमी असेल तर पहिली तीन वर्षं किंवा तीन हंगाम, यांपैकी जे आधी संपेल तो ‘संरक्षित काळ’. 28 नंतर केलेल्या करारासाठी दोन. या काळात उचित कारणाशिवाय करार मोडला तर कलम 17 खाली खेळाडूला अधिकृत सामन्यांतून चार महिन्यांची बंदी, गंभीर परिस्थितीत सहा. भाच्याचा करारच तीन वर्षांचा, म्हणजे तो जवळजवळ पूर्णपणे संरक्षित काळात बसतो. त्यामुळे पत्रातली ‘चार महिने’ ही धमकी हवेतली नाही. त्यात आणखी एक मेख आहे. हंगामातला शेवटचा सामना आणि पुढच्या हंगामातला पहिला सामना यांच्या मधल्या काळात बंदीचे दिवस मोजले जात नाहीत. उन्हाळ्यात बंदी काढून टाकू, ही समजूत चुकीची आहे.

हे भारतात कसं घडतं ते 2024 च्या अन्वर अलीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाकडून खेळलेला हा बचावपटू. दिल्ली एफसीने त्याला चार वर्षांच्या लोनवर, म्हणजे ठरावीक काळाच्या उसनवारीवर, मोहन बागानला दिलं होतं. वर्षभरात तो करार सोडून त्याने ईस्ट बंगालशी करार केला. 10 सप्टेंबर 2024 रोजी प्लेयर्स स्टेटस कमिटीने त्याला चार महिन्यांची बंदी घातली, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या दोघांना दोन नोंदणी विंडोंसाठी (खेळाडू नोंदवायच्या ठरलेल्या मुदतींसाठी) नवे खेळाडू घ्यायला मनाई केली, आणि या तिघांनी मिळून मोहन बागानला 12.90 कोटी रुपयांची भरपाई द्यावी असं सांगितलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे महासंघाने आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घेण्याची तयारी दाखवली, आणि अन्वर त्या हंगामात ईस्ट बंगालकडून खेळला. यावरून ‘उच्च न्यायालयात गेलं की बंदी उठते’ असं कुणी समजू नये. तिथे कोट्यवधींचा बोजा उचलू शकणारे क्लब खेळाडूच्या बाजूने उभे होते. डिचोलीच्या पोराच्या मागे तसं कोण उभं राहील? समितीपुढेच केस भक्कम असली पाहिजे.

युरोपात मात्र हवा बदलली आहे आणि तिचा परिणाम हळूहळू इकडेही पोचेल. लासाना दियारा या फ्रेंच खेळाडूचा लोकोमोटिव्ह मॉस्कोशी 2013 मध्ये झालेला चार वर्षांचा करार पुढच्याच वर्षी मोडला. फिफाच्या व्यवस्थेने दोष त्याच्या माथी मारून त्याला 1 कोटी 5 लाख युरो भरायला सांगितले. बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण ही भरपाई आपल्याही गळ्यात पडेल म्हणून कचरला. 4 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की नव्या क्लबला आपोआप दोषी धरणारे आणि खेळाडूची वाट अडवणारे हे नियम युरोपीय कायद्याच्या विरोधात जातात. त्यानंतर फिफाने आपल्या नियमांत तात्पुरते बदल केले आणि ते जानेवारी 2025 पासून लागू झाले: नव्या क्लबने फूस लावली हे आता आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं, आणि भरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीवर ठरायची. मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. पगार थकवणाऱ्या क्लबच्या भीतीने दुसरा क्लब खेळाडूला हात लावत नाही, हा अन्याय मी गोव्यात पुष्कळ पाहिला आहे. देशांतर्गत वादात मात्र महासंघाची चालू नियमावली लागू होते, म्हणून युरोपच्या निकालावर विसंबून नोटीस टाळू नका.

दहा लाखांकडे येतो. करारात शेवटच्या पानावर ‘खेळाडूने करार मोडल्यास 10 लाख रुपये दंड’ असं वाक्य असणार, त्यावरच हे पत्र उभं आहे. हिशेब करून बघा. पूर्ण तीन वर्षांचा पगारच 9 लाख होतो. उरलेल्या बावीस महिन्यांचा साडेपाच लाख. संपूर्ण कराराच्या किमतीपेक्षा दंड जास्त! भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 सांगतं की करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. फुटबॉलच्या लवादांतही अशा कलमांकडे पाहताना आकडा प्रमाणात आहे का आणि कलम दोन्ही बाजूंना सारखं लागू होतं का, हे तपासतात. खेळाडू गेला तर दहा लाख आणि क्लबने काढलं तर शून्य, असं एकतर्फी कलम असेल तर त्याचा पाया फार कच्चा. करारात ‘क्लबच्या मर्जीनुसार आणखी एक वर्ष वाढ’ असंही वाक्य आहे का बघा. तेही अशाच कारणाने वादग्रस्त ठरतं.

उलट दिशेचा हिशेबही मांडा. उचित कारणाने करार संपवला तर थकलेला पगार मिळतोच, शिवाय कराराच्या उरलेल्या काळाची किंमतही मागता येते. त्यातून नव्या क्लबकडे त्याच काळात मिळणारा पगार वजा होतो. थकबाकीमुळे करार संपला असेल आणि नवी नोकरी मिळालेली असेल तर फिफाच्या नियमांत वर तीन महिन्यांच्या पगाराची जादा भरपाई आहे, गंभीर प्रकरणात सहा महिन्यांपर्यंत. मात्र एकूण रक्कम उरलेल्या कराराच्या किमतीपलीकडे जात नाही. म्हणजे क्रम पाळला तर दहा लाख मागणारा क्लबच देणेकरी होतो.

‘ट्रान्स्फर बॅन’ या एकाच नावाखाली लोक दोन वेगळ्या शिक्षा एकत्र करतात, म्हणून तेही सांगतो. एक शिक्षा थकबाकीची. निकालाने ठरलेले पैसे क्लबने 45 दिवसांत दिले नाहीत तर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते, जास्तीत जास्त सलग तीन विंडो. पैसे भरले की ती उठते. केरळ ब्लास्टर्स आणि ईस्ट बंगाल यांच्यावर 2021 मध्ये परदेशी खेळाडूंच्या देण्यांवरून आलेली बंदी याच जातीची. दुसरी शिक्षा करार मोडायला फूस लावल्याची, दोन पूर्ण विंडोंची. ती पैसे भरून उठत नाही, भोगावीच लागते. नव्या क्लबचे पदाधिकारी तुम्हाला ‘बॅन आला तर पैसे भरू आणि मोकळे होऊ’ म्हणत असतील तर त्यांना हा फरक माहीत नाही.

नोंदणीच्या एका ओळीवर काय फिरू शकतं हे गोव्याला वेगळं सांगायला नको. 2024-25 च्या आय-लीगचं विजेतेपद महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आलं होतं. पण विजेतेपदाचा दुसरा दावेदार क्लब इंटर काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयात गेला. वाद होता एका परदेशी खेळाडूचा: त्याच्या जागी दुसरा नोंदवल्यावर त्याच हंगामात त्याला पुन्हा नोंदवता येतं का? लवादाने 18 जुलै 2025 रोजी इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला आणि विजेतेपद तिकडे गेलं. मडगावात त्या दिवशी किती लोक हळहळले असतील! मैदानावरच्या गुणांइतकंच वजन नोंदणीच्या कागदाला आहे.

दावा कुठे करायचा? प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे, तिथून महासंघाच्या अपील समितीकडे. खेळाडू किंवा क्लब यांतला एक परदेशी असता तर दार फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाचं असतं. ते 2021 पासून चालू आहे आणि खेळाडूच्या दाव्याला तिथे कार्यवाहीचा खर्च लागत नाही. तिथे घटनेपासून दोन वर्षांत यावं लागतं, हे परदेशी खेळाडू गोव्यात आणणाऱ्या क्लबांनीही लक्षात ठेवावं. दिवाणी न्यायालयात सरळ दावा लावण्याचा सल्ला कुणी देत असेल तर थांबा. करारात लवादाचं कलम असतं, आणि 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 8 खाली न्यायालय तुम्हाला तिकडेच परत पाठवेल. मधले महिने फुकट जातील. पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिट हा शेवटचा उपाय, समितीने म्हणणं न ऐकताच आदेश दिला तर. अडचण असेल तर फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे, तिच्याकडेही भाच्याने कळवावं.

‘जुना क्लब एनओसी (ना हरकत दाखला) देत नाही’ अशी ओळ तुमच्या पत्रात शेवटी आहे. करार चालू असताना क्लबला अडवता येतं. करार मुदत संपून किंवा उचित कारणाने संपला की त्याची संमती हा शब्दच उरत नाही, मग एनओसीसाठी पैसे मागणं ही निव्वळ अडवणूक. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये झहीर खानच्या प्रकरणात करार संपल्यानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारी अट करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही असं सांगितलं. ते प्रकरण मैदानावरचं नव्हतं, जाहिरात-व्यवस्थापनाचं होतं, पण तत्त्व कामाला येतं. हौशी खेळाडूंच्या आंतरक्लब बदलासाठी मात्र गोवा फुटबॉल असोसिएशनचं त्या हंगामाचं परिपत्रक वाचा.

गावातल्या क्लबांसाठी एक गोष्ट जोडतो, कारण तुम्ही लिहिलंय की भाचा आधी गावच्या क्लबात घडला. पैसे देऊन खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेचे 5 टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वाढदिवसाच्या हंगामांत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 1 कोटी रुपयांच्या व्यवहारात बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक हंगामाला 25,000, सोळापासून पुढे 50,000. 2022 पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमार्फत वळतात, पण ते नोंदणी बघूनच. ज्या क्लबने पोराची त्या वर्षी नोंदणीच केली नाही, त्याने त्याला कितीही घडवलं असलं तरी त्याचं नाव यादीत येत नाही. सत्तरी, पेडणे, डिचोलीतल्या छोट्या क्लबांनी बारा वर्षांच्या पोरांचीही नोंदणी दर हंगामाला करावी, त्याला जन्मदाखला आणि थोडी चिकाटी एवढंच लागतं.

तुम्ही माझ्याकडे याल किंवा दुसऱ्या कुणा वकिलाकडे जाल, सोबत हे आणा: मूळ कराराची प्रत शेवटच्या पानापर्यंत, चौदा महिन्यांचं पासबुक, फॉर्म 26 एएस, मॅनेजरशी झालेले मेसेज भाच्याच्या मूळ फोनवर, जुन्या क्लबच्या पत्राचा लिफाफा (तारखेच्या शिक्क्यासाठी), आणि नव्या क्लबने सही घेतलेला कागद. एजंट मध्ये असेल तर त्याचा फिफा परवाना क्रमांक विचारा. तो सांगता येत नसेल तर त्याच्या हाती यापुढे काही देऊ नका. जुन्या क्लबच्या पत्राला उत्तर द्यायची घाई नको, पण उत्तर द्यायचंच नाही असंही नको. ‘आरोप मान्य नाहीत, थकबाकीची नोटीस स्वतंत्र पाठवली आहे’ एवढ्या दोन ओळी नोटिशीनंतर एक-दोन दिवसांत जाऊ द्या. नोटीस आधी, उत्तर नंतर.